एका फितीवरचे दोन पक्ष

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे, आणि माझ्या एकाच फितीवर दोन पक्ष नांदले आहेत. हल्ली मी फर्न लेक गावाच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या मेजावर असतो. तुमच्याएवढी मुले येतात, माझ्या कळा दाबून पाहतात आणि ओळ संपली की वाजणाऱ्या माझ्या घंटेला हसतात. ते हसू मला आवडते. पण बोटे थांबली की मला दुसरी बोटे आठवतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथले एवढेच आठवते, की एका बाईने माझे एकेक अक्षर कागदावर उमटवून पाहिले आणि मान डोलावली. मग लाकडी खोक्यात बसून मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या या गावी, इथल्या साप्ताहिकाच्या कचेरीत आलो. संपादक क्लिफर्ड मोएन यांनी मला मागच्या खोलीत ठेवले. साप्ताहिकाच्या चौथ्या पानावर राजकारणाचे दोन रकाने असत. डावा रकाना ऑरिन स्लेटन लिहीत असे. दहा गायींचा धनी, हाडाचा डेमोक्रॅट. उजवा रकाना व्हर्ना हॉगलंड लिहीत असे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, तितकीच कडवी रिपब्लिकन. दोघांच्या वाट्याला यंत्र मात्र एकच होते, ते म्हणजे मी. सोमवार ऑरिनचा, मंगळवार व्हर्नाचा, आणि गुरुवारी अंक निघे.

सव्वीस वर्षे हे असेच चालले. ऑरिन दोन बोटांनी टाइप करी, गाईला दाणा टाकावा तसा सावकाश. व्हर्नाची दहाही बोटे धावत. ऑरिनने खुर्ची खाली केलेली असे, व्हर्ना ती वर करताना दर मंगळवारी पुटपुटे, "खुर्चीसुद्धा त्यांच्या पक्षासारखीच, दर आठवड्याला घसरलेली." राजधानी सेंट पॉलच्या विधिमंडळात शाळेचा कर वाढला की ऑरिन लिही, "याला म्हणतात दूरदृष्टी." दुसऱ्या दिवशी त्याच कळांवर व्हर्ना लिही, "याला म्हणतात दुसऱ्याच्या खिशात दृष्टी." माझ्या रबरी रुळावर दोघांचे ठसे एकमेकांवर उमटत गेले. कोणता कुणाचा, हे शेवटी मलाही सांगता येईना.

दोघांच्या भांडणातही एक रीत होती, आणि ती साऱ्या गावाचीच होती. कुणी काही देऊ केले, तर पहिल्यांदा "नको" म्हणायचे. दुसऱ्यांदा विचारले, तरी "नको, उगाच कशाला?" म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारले, की मगच घ्यायचे. बुधवारी दोघे आपापला मजकूर तपासायला आले, की व्हर्ना थर्मासातली कॉफी ऑरिनला याच रीतीने पाजी. तिसऱ्या वेळेपूर्वी त्याने कप कधी हातात घेतला नाही, आणि तिसऱ्यांदा विचारायला ती कधी विसरली नाही.

मग सिनेटच्या निवडणुकीचे ते वर्ष आले. रिपब्लिकन सिनेटर डॅल्बर्ग पुन्हा उभे होते आणि त्यांच्यासमोर डेमोक्रॅटांचे रॉस्को प्लम. गावातल्या प्रत्येक अंगणात एका ना एका उमेदवाराच्या नावाची पाटी उगवली. मे महिन्यात ऑरिनने लिहिले, "सिनेटर डॅल्बर्ग सहा वर्षांत आपल्या भागात दोनदा आले, दोन्ही वेळा मासे धरायला." व्हर्नाने उत्तर दिले, "निदान त्यांना मासे सापडले. श्री. प्लम यांना अजून स्वतःचे मत सापडलेले नाही." त्या दिवशी क्लिफर्ड हसून हसून बेजार झाला.

जूनमध्ये मात्र ऑरिनला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणेही परत आले. उजवा हात तेवढा मांडीवर निजून राहिला. डाव्या हाताच्या एका बोटाने तो लिहू लागला. रकाना आठवड्या-आठवड्याला आखूड होत गेला. माझ्या कळा त्याला जड जात, आणि मला त्याची लाज वाटे. मी मऊ होऊ शकत नव्हतो, मित्रांनो. लोखंडाला तेवढे कळत असूनही जमत नाही.

निवडणुकीआधीच्या शेवटच्या अंकाचा बुधवार उजाडला. बारा वाजता पान छपाईला लागणार होते. ऑरिनने सोमवारी तीन ओळी लिहून कागद चुरगाळला होता. आता तो पुन्हा माझ्यासमोर बसला होता. सव्वीस वर्षांत त्याचा रकाना एकदाही चुकला नव्हता. प्लम मागे पडले होते, आणि ऑरिनला जे म्हणायचे होते त्यासाठी हा एकच गुरुवार उरला होता.

दहाच्या सुमारास व्हर्ना स्वतःचा मजकूर तपासायला आली आणि दारात थबकली.

"किती झालंय रे?"

"होतंय."

"कोरा कागद दिसतोय मला. तू सांग, मी टाइप करून देते."

"नको गं. तुला तुझी कामं असतील."

"कसली कामं? चर्चच्या जेवणाची भांडी घासायचीत, ती काय पळून जाणार आहेत? देऊ का करून?"

"नको, नको. उगाच तुला कशाला त्रास?"

तेवढ्यात बाहेरून क्लिफर्डची हाक आली, "व्हर्ना, तुझ्या रकान्यात एक ओळ जास्त होतेय, जरा बघतेस?" ती गेली. ओळ कापली, अंगात कोट चढवला, आणि पुढच्या दाराची घंटी वाजली. व्हर्ना निघून गेली होती.

तिने दोनदाच विचारले होते.

ऑरिनचे बोट माझ्या कळेवर टेकून राहिले. त्याने ती दाबली नाही. तो तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहतो आहे, हे मला त्या टेकलेल्या बोटावरून कळत होते. पण मला घंटेपलीकडे आवाज नाही, आणि घंटा ओळ संपल्यावरच वाजते. तिथे तर ओळ सुरूच झाली नव्हती.

सव्वाअकराला क्लिफर्ड आत डोकावला. "ऑरिन, नाही जमलं तर तिथं बर्फातल्या टायरची जाहिरात टाकतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

"टाक बाबा. टायर तरी दोन्ही पक्षांना लागतात."

तो हसला खरा, पण मला हलके वाटले नाही. त्याने कागद काढायला रूळ फिरवला, आणि तेव्हाच पुढच्या दाराची घंटी पुन्हा वाजली. व्हर्ना धापा टाकत आत आली, बुटांचा चिखल न पुसताच.

"मी दोनदाच विचारलं ना?"

ऑरिनने रुळावरचा हात काढून घेतला.

"पुलापर्यंत गेले तेव्हा लक्षात आलं. आणि तू असा बसून राहिलास, मूर्खा! ऑरिन स्लेटन, तिसऱ्यांदा विचारते. टाइप करून देऊ का?"

"बरं," तो खाली बघत म्हणाला, "एवढं म्हणतेस म्हणून."

तिने खुर्ची वर केली. "हं, बोल. आणि सावकाश. शिव्या घालताना तू घाई करतोस."

तो सांगत गेला, ती उमटवत गेली. त्याचे प्रत्येक कडू वाक्य तिच्या बोटांतून माझ्यात उतरले. एक स्वल्पविरामही तिने सौम्य केला नाही. मग तो म्हणाला, "दूधवाल्यांच्या विधेयकाविरुद्ध डॅल्बर्ग यांनी तीनदा मत दिलं."

बोटे थांबली. वाक्याच्या मध्ये ती बोटे कधीच थांबत नसत.

"चारदा," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"चारदा दिलं. चौथं जूनमध्ये, तू दवाखान्यात होतास तेव्हा."

"अगं, मग सांगतेस कशाला? तुझा माणूस आहे तो!"

"माझाच आहे. मंगळवारी मत त्यालाच देणार आहे. पण चारदा म्हणजे चारदा."

आणि तिने 'चारदा' उमटवले. इतके स्वच्छ अक्षर माझ्याकडून पुन्हा कधी उमटले नाही.

बाराला सात मिनिटे असताना कागद क्लिफर्डच्या हाती गेला. त्याने वाचून भुवया उंचावल्या. "व्हर्ना, तुझा रकाना बदलायचाय? उत्तर द्यायला वेळ आहे अजून."

"नको," ती म्हणाली. आणि तिचे हे 'नको' पहिल्याच वेळी खरे होते.

राज्यात डॅल्बर्ग जिंकले, आमच्या गावात प्लम. आठवडाभर दोघेही आपणच जिंकल्यासारखे बोलत होते. त्या हिवाळ्यात व्हर्ना दर सोमवारीही येऊ लागली. दर सोमवारी ऑरिन दोनदा "नको" म्हणे.

मार्चमध्ये, तळ्यावरचे बर्फ सुटायच्या आत, ऑरिन गेला. पुढच्या मंगळवारी व्हर्ना आली. खुर्ची आदल्या सोमवारी तिनेच वर केली होती, तशीच होती. तरी तिने ती खाली केली आणि पुन्हा वर केली. मग एवढेच लिहिले, "या आठवड्यात माझे म्हणणे कुणी खोडून काढले नाही. त्यामुळे मी बरोबर होते की नाही, हे कळायला मला काही मार्ग उरलेला नाही."

पुढे संगणक आले. मी कितीतरी वर्षे माळ्यावर धूळ खात होतो. मग कुणीतरी मला पुसून इथे आणून ठेवले.

मित्रांनो, माझ्या दोन कळा एकदम दाबल्या, तर आतल्या दांड्या एकमेकींत अडकतात आणि कुणाचेच अक्षर उमटत नाही. तेव्हा जोर लावू नका; हलक्या बोटाने एकेक सोडवा, आणि मग पाळीपाळीने लिहा. दुसऱ्याचे शब्द तुमच्या हाती आले, तर ते त्याने सांगितले तसेच उमटवा. चुकलेच काही, तर त्याला सांगून. आणि कुणी दोनदा नको म्हणाले म्हणून निघून गेला असाल, तर पुलापर्यंत पोहोचला असलात तरी मागे फिरा. आत कुणीतरी कळेवर बोट ठेवून बसलेले असेल.