बाटलीतली काळी पूड

घरात सून आली की सासूचे कान लांब होतात. कुशाबाईंचे तर आधीपासूनच लांब होते. शहाण्णव सालच्या हिवाळ्यात माळेगाव बुद्रुकच्या त्यांच्या घरात एक नवाच आवाज सुरू झाला. दुपारची जेवणं उरकली की सून श्रेया खोलीचं दार ओढून घ्यायची आणि आतून यायचं, ठप्... ठप्. बाहेर आली की बोटं काळीनिळी.

"वैनी, पोराला बांधायचा उद्योग हाय ह्यो," शेजारच्या साखरबाईनं मिश्री थुंकत निकाल दिला.

साखरबाईला कुणाचंच बरं बघवत नाही, हे कुशाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण संशय म्हणजे गाजरगवत, उपटलं तरी उगवतंच. आणि यशराज खरंच बदलला होता. नवऱ्यामागं वाढवलेला एकुलता एक पोरगा, आईनं वाढल्याशिवाय कधी जेवला नाही. तो आता नजर चुकवायचा, अर्धी भाकरी टाकून उठायचा. पोरगा हातचा जातोय, या भीतीनं कुशाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

श्रेया बारामतीच्या बाजाराला गेली, तशा त्या तिच्या खोलीत शिरल्या. टेबलावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. आत इवल्या इवल्या बाटल्या, बाटल्यांत काळपट पूड. चांगले खोडरबर ब्लेडनं कोरून केलेले ठसे. एका ठशावर तर चक्क बाहुली! अंबाडा, नाकात नथ, हातात सूप. शेजारच्या जाड पांढऱ्या कागदावर तीच बाहुली उमटवलेली आणि तिच्याभोवती ती पूड भुरभुरलेली.

"बया, बया! करणीच की गं ही!"

कुशाबाई गोठ्याकडं धावल्या. वाटीत गोमूत्र घेतलं, दारच्या आंब्याचं पान तोडलं आणि देवाचं नाव घेत कागदावर शिंपडलं.

थेंब पडला तिथं काळ्या पुडीतनं हिरवा रंग फुटला. मग पिवळा. हिरव्याच्या वर निळा पसरत गेला. बघता बघता बाहुलीच्या चारी बाजूंनी जणू हिरवागार ऊस उभा राहिला. कुशाबाई पान हातात धरून बघतच राहिल्या.

"आत्या?" बाजारातनं परतलेली श्रेया पिशवी घेऊन दारात उभी होती.

वाटी लपवायला पदर पुरेना. मग चोराच्या उलट्या बोंबा! "ही बाहुली कुणाची? खरं सांग. असलं काय खपायचं न्हाय मला ह्या घरात!"

श्रेयानं कागदाकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं. वास तर दारापर्यंत आलाच होता. "तुम्हीच आहात ती, आत्या. नथ बघा की. संक्रांतीचं भेटकार्ड करतेय तुमच्यासाठी. ही जलरंगाची पूड, ओली झाली की रंग उघडतो."

"मला कशाला कार्ड? एका घरात तर ऱ्हातो आपुन."

श्रेयानं मान खाली घातली. "ह्यांना वालचंदनगरच्या कंपनीत नोकरी लागलीय. क्वार्टरही मिळालंय. पुढच्या आठवड्यात जायचंय. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता त्यांना. संक्रांतीला रजा नाही मिळाली, तर कार्ड तरी पोस्टानं..."

कुशाबाई मटकन खाटेवर बसल्या. संशय खोटा निघाला आणि भीती खरी. कागदावरच्या त्या ओल्या उसात आपण एकट्याच उभ्या आहोत, हे आता कुठं त्यांना दिसलं आणि भडभडून आलं.

मग पदरानं त्यांनी डोळे पुसले. "पोस्टानं काय धाडायचं न्हाय. कोरा कागद आन् ती बाटली घिऊन दोघं हितं या. पूड तू टाक, पाणी मी शिपडीन."

श्रेयानं वाटीकडं तिरकं पाहिलं. "पाणीच ना, आत्या?"

"आलासा तर पाणी," कुशाबाई नाक ओढत म्हणाल्या. "न्हाय आलासा, तर हीच वाटी घिऊन मी तितं यीन."