रांजणातला किडा

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. औसा तालुक्यातल्या त्या शाळेला नव्या जिल्ह्याकडून दोन गोष्टी मिळाल्या: आठवड्यातून दोनदा पाण्याचा टँकर आणि पहिलीच्या वर्गासाठी चित्रांचं पुस्तक. टँकर चुकायचा. पुस्तक मात्र वेळेवर आलं.

त्यात नुसत्या जनावरांच्या खोड्या. शेळी मास्तरांचा रुमाल खाते, मांजर तव्यावरची भाकरी पळवते. अक्षर एकही नाही. चित्र दाखवायचं, विचारायचं आणि पोरांना बोलू द्यायचं, एवढंच प्रशिक्षणात सांगितलं होतं.

गुरुवारी पहिलीच्या रुद्राणीबाईंनी सातवं पान उघडलं. माकडाने रांजणात कोपरापर्यंत हात घातला होता आणि घरची माणसं पोट धरून हसत होती. वर्गही हसला.

"आता याचं काय करायचं?"

"काय न्हाई बाई, माकडच हाय ते!"

"फुटाणे द्यायचे!"

दाराशी वेगळी बसलेली पंचफुला हसली नव्हती.

"तू सांग गं."

"रांजण ओतून द्यायचा," ती म्हणाली. "अन् किडा पडला म्हणायचं."

हसणं थांबलं.

सोमवारी काय झालं ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. बौद्धवाड्यातल्या पोरांनी ओंजळ धरायची, बाकीच्यांपैकी कुणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने वरून पाणी घालायचं, ही शाळेतली रीत. कुणी लिहिली नव्हती, कुणी मोडतही नव्हतं. सोमवारी घालायला कुणी उठेना, म्हणून सहा वर्षांच्या पंचफुलाने स्वतःच ओगराळं बुडवलं. मुख्याध्यापक गुरुबसप्पा सर रांजणात वाकले, "किडा पडलाय" म्हणाले आणि भरला रांजण त्यांनी अंगणात आडवा केला. टँकरला तीन दिवस होते. रुद्राणीबाईंनीही वाकून पाहिलं होतं. तळ स्वच्छ दिसत होता. त्या गप्प बसल्या.

तेव्हापासून पोर शाळेत पाणी पीत नव्हती. दुपारच्या सुट्टीत घरी गेली की परतत नव्हती. शनिवारपर्यंत बघते, नाहीतर शेळ्यांमागं लावते, असा आईचा निरोप होता.

बाईंना आधी राग आला तो पोरीचाच. भर वर्गात असं बोलायचं? मग तो राग स्वतःवरच फिरला, आणि त्यांचे कान तापले.

"पंचफुला, चल."

ओसरीत सकाळच्या टँकरने भरलेला रांजण होता. बाईंनी खाली बसून ओंजळ धरली.

"पाणी घाल मला."

"मी?"

"तूच."

पोरीने ओगराळं बुडवलं. निम्मं पाणी बाईंच्या कोपरावरून गळलं. उरलेलं त्या प्यायल्या. गुरुबसप्पा सर खोलीतून बाहेर आले होते.

"बाई, लिंगायत आहात, गळ्यात लिंग आहे. त्याची तरी लाज ठेवा."

"त्याचीच ठेवते, सर."

सर रांजणाशी गेले, वाकले. दोन्ही हात काठावर टेकवले. "किडा पडलाय यात."

"दाखवा." बाई वर्गाकडे वळल्या. "पोरांनो, या रे. सर किडा दाखवतायत."

अठ्ठावीस पोरं ओसरीत धावली. रांजणाभोवती डोकीच डोकी.

"कुटं हाय, सर?"

"सरक की, मला बगू दे!"

"न्हाई की वो सर, तळ दिसायलाय!"

सरांनी काठावरचे हात काढले. धोतर सावरलं. "लातूरला कळवतो मी. त्या पुस्तकानं पोरं बिघडवलीत तुम्ही."

"कळवा. किड्याचंही लिहा. सोमवारी ऐन दुष्काळात भरला रांजण तुम्ही अंगणात ओतला, तेही लिहा."

सर खोलीत गेले. दार आपटलं. आपण जिंकलो असं बाईंना क्षणभर वाटलंही.

पंचफुला रांजणात बघत होती. "सोमवारीबी न्हवता, बाई. तुमी बगितलं व्हतं की."

पोरं बाईंकडे वळली.

"हो," रुद्राणीबाई म्हणाल्या. "बघितलं होतं. नव्हता."

पुढे विचारावं तसं पोर त्यांच्याकडे बघत राहिली. मग पंचफुलाने ओगराळं पुन्हा बुडवलं, काठोकाठ, आणि कुणाकडे न बघता प्यायला लागली.