आयरीनआजीचे पाय

डोळे मिटा पाहू. अंधेरीचं एक गावठाण, साल एकोणीसशे चोपन्न. कौलारू घरांच्या मागे सार्वजनिक बाग, बागेत आंब्याची झाडं आणि मधोमध एक विहीर. त्या विहिरीवर धोंडू सुतार फळ्या ठोकतोय. आला ठोक्यांचा आवाज? दहा वर्षांच्या बेलाला तो शाळेतून येताना फाटकापाशीच ऐकू आला.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही बाग म्हणजे तिच्या आयरीनआजीची वाडी होती. आजीने ती मुलांना खेळायला म्हणून देऊन टाकली. दानपत्रात अट एकच, विहीर उघडी राहावी. गावठाणातल्या ख्रिस्ती बायका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून याच विहिरीचं पाणी घरी नेत आणि नवरीला त्याच पाण्याने अंघोळ घालत. उंबराचं पाणी म्हणत त्याला. बेलाच्या ताईचं लग्न रविवारी होतं. आज शुक्रवार.

"विहीर का बंद करताय?" बेलाने विचारलं.

तिच्या वर्गातली शुभा समोरच्या नव्या वसाहतीत राहायची. तिने बेलाला बाजूला ओढलं. "तुला ठाऊक नाही? विहिरीत जीव दिलेली बाई आहे इथे. पहाटे पांढरं लुगडं नेसून येते, कळशी भरते नि एक पाय ओढत झाडांत जाते. आमच्या गॅलरीतून सगळ्यांनी बघितलीय. पाय उलटे आहेत तिचे."

बेलाचे कान तापले. पांढरं लुगडं, कळशी, ओढता पाय. आजोबांनी लावलेल्या आंब्याला रोज पहाटे पाणी घालते ती तर आजी.

बाग समितीचे मार्तंडराव छत्री टेकून उभे होते. बेला त्यांच्यापुढे जाऊन थांबली. "काका, पहाटे येणारी ती बाई कोण, हे तुम्हाला माहीत आहे. दानपत्र न्यायला तुम्हीच आला होतात. आजीचा केक दोनदा मागून खाल्लात."

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. "हे बघ बाळ, लोक घाबरतात. त्यांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"तुम्ही सांगायचं होतं ना, ती आयरीनबाई आहे म्हणून."

"लग्नाला नळाचं न्या. पाणी ते पाणी. धोंडू, चालू दे तुझं."

बेला घरी धावली. आजी तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून ती हसली. "भूत तर भूत. असू दे गं."

बेलाला हसू आलं नाही. जिने जमीन दिली तिलाच मेलेली ठरवायचं, आणि वर तिचीच विहीर बंद करायची? तिने कळशी आणि दोर उचलला, आजीचा हात धरला. "चल."

विहिरीवर दोन फळ्या ठोकायच्या राहिल्या होत्या. एक पाय ओढत येणारी आजी दिसली तशी पोरं मागे सरली. बेलाने आजीला शुभासमोर उभं केलं आणि लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत उचलला.

"बघ. उलटे आहेत?"

शुभा वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. "सरळ आहेत."

"मोठ्याने सांग. काकांना ऐकू जायला हवं."

"सरळ आहेत," शुभा म्हणाली. "काका, ही तर बेलाची आजी."

धोंडूने हातोडी खाली ठेवली.

"थांबलास का?" मार्तंडराव म्हणाले.

धोंडू जागचा हलला नाही. बेलाने दोराची गाठ कळशीच्या गळ्याला आवळली आणि उरलेल्या फटीतून ती विहिरीत सोडली.