चाकाखालचा दगड

आमची गाडी उभी करायला दोन माणसं लागतात. एकाने ब्रेकवर पाय दाबून बसायचं, दुसऱ्याने खाली उतरून चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक पाच वर्षांपूर्वीच गेला. गिअरमध्ये टाकून ठेवावी तर गिअर निसटतो. एकदा तशीच निसटून ती ओढ्यातल्या बाभळीला जाऊन टेकली होती.

गाडी वीस वर्षांची. उंच, जड, सात माणसं बसणारी. बॅटरी आता किल्ली फिरवली की नुसती कण्हते. म्हणून ती कायम वस्तीच्या उतारावर असते, तोंड खाली करून. निघताना दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि ओढ्याच्या अलीकडे क्लच सोडायचा. या गाडीपायी मला तालुक्यातले सगळे उतार पाठ झाले. लग्नाला गेलो तरी आधी उतार शोधायचा, मग मांडव.

दगड लावायचं आणि काढायचं काम वहिनीचं. रंगुबाई, माझ्या थोरल्या भावाची, वैजनाथची बायको. वैजनाथला जाऊन चार वर्षं झाली. माझी बायको त्याच्याही आधी गेली. दसरा झाला की आमची वस्ती कोयता घेऊन कारखान्यांकडे निघते. माझा मुलगा आणि सूनही जातात. आठ घरांना कुलपं लागतात आणि आठही किल्ल्या वहिनीच्या कमरेला येतात. मग चैत्रापर्यंत वस्तीवर आम्ही दोघंच. ती तिच्या घरात, मी माझ्या घरात, मधे पंचवीस पावलांचं अंगण. सकाळी चहा झाला की ती ताटलीवर चमचा वाजवते आणि मी जातो. बोलणं फार नसतं. एखाद दिवशी नसतंच.

यंदा तेही संपणार होतं. तिचा मुलगा अंगद नगरकडे सुप्याला एका कंपनीत टेम्पोवर ड्रायव्हर आहे. त्याची बायको सविता बाळंतपणानंतर पुन्हा कामावर जायची होती आणि सहा महिन्यांचं लेकरू सांभाळायला कोणी नव्हतं. अंगदने फोन करून सांगितलं, "तात्या, बुधवारी मी सोलापूरहून माल घेऊन येतोय. अकराला मिरजगावच्या चौकात थांबतो. आईला तिथवर आना. मला रस्ता सोडून आत येता येत न्हाई, टेम्पो कुठं हाय ते कंपनीत मोबाईलवर दिसतं."

मी हो म्हणालो. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला वस्तीवर दुसरं होतं तरी कोण? जे होतं ते जायला निघालं होतं.

बुधवारी साडेनऊला मी गाडीत बसलो. वहिनीने नातवासाठी शिवलेली गोधडी, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि कपड्यांचं गाठोडं मागे ठेवलं. मग वाकून दगड काढला, कडेला नीट ठेवला आणि चालत्या गाडीत चढून बसली. वय पासष्ट, पण चालत्या गाडीत चढायची तिला सवय आहे. ओढ्यापाशी क्लच सोडला. दोन आचके देऊन इंजिन लागलं.

पाच किलोमीटरवर, चढ संपून माथ्यावर येताच गाडी खोकली. पुन्हा खोकली आणि बंद पडली.

"काय झालं?" वहिनी म्हणाली.

"हवा धरली."

डिझेलच्या टाकीपासून इंजिनापर्यंत जी रबरी नळी येते ती चिरली होती. चिरेतून हवा आत ओढली जायची आणि डिझेलऐवजी इंजिनाला फेस मिळायचा. वहिनीने उतरून चाकाला दगड लावला. मी बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि हातपंप दाबत राहिलो. आधी बुडबुडे आले, मग नितळ डिझेल. बोल्ट आवळला. पुढे उतार होता, त्यामुळे गाडी लागली.

"दवाखान्यात घाला हिला," वहिनी म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त दमा हाय."

पुढे पाझर तलाव लागतो. त्याच्या कडेने एक किलोमीटर सरळ सपाट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना बाभळी. बरोबर त्याच्या मधोमध गाडी पुन्हा बंद पडली. मी पंप मारला, किल्ली फिरवली. बॅटरीने दोनदा कण्हून घेतलं आणि मग नुसती टकटक केली. रस्त्यावर माणूस नाही. एरवी ऊसतोडीआधी या रस्त्याला थांबलं की चार जण धावून ढकलायला येतात. आता तलावातले बगळे तेवढे होते.

साडेदहा झाले होते. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. मी बॉनेटखाली वाकून उगाच हात चालवत राहिलो. अकरा वाजून जातील, अंगद थोडा थांबेल, निघून जाईल. पुन्हा कधी त्याची सोलापूरची फेरी लागेल ते कोणाला ठाऊक. तोवर चमचा वाजत राहील.

वहिनीने मिसरीची डबी समोरच्या कप्प्यात ठेवली होती. ती घ्यायला तिने कप्पा उघडला आणि तिच्या हाताला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. कागद उलगडून ती खाली उतरली.

"भावजी, ही नळी कशाची?"

मी वर पाहिलं नाही. "तिचीच."

"नवी हाय की."

"व्हय."

"कवा आनली?"

"जामखेडला गेल्तो तवा. महिना झाला."

"अन् बसवली न्हाई."

ती बॉनेटच्या पलीकडे उभी राहिली, नळी हातात धरून. मला वाटलं आता ही बोलणार. वैजनाथला ती बोलायची तेव्हा ओढ्यापलीकडे ऐकू जायचं. पण ती हसली.

"तुमचे भाऊ बी असंच करायचे. मी माहेरला जायचं नाव काढलं की बैल लंगडायचा. आठ दिस लंगडायचा. मी म्हनलं ऱ्हाऊ द्या, न्हाई जात, की दुसऱ्या दिशी नांगराला तयार! वळनच तसलं हाय तुमच्या घरान्याचं."

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. अंगद होता. तिने फोन कानाला लावला नाही, माझ्यापुढे धरला.

"तुमीच बोला. काय सांगायचं ते तुमी सांगा."

फोन वाजत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, तलावाकडे बघत होती. गाडी बिघडली, तू हो पुढं, एवढंच म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं.

"तात्या, कुठवर आला? मला अर्ध्या तासाच्या वर थांबता यायचं न्हाई."

"येतोय," मी म्हणालो. "गाडीला नळी बसवायचीय. साडेअकराच्या आत येतो."

मी फोन तिला दिला आणि तिच्याकडून नळी घेतली.

"मला लई जायचं हाय असं नका समजू," ती म्हणाली. "खोलीत कोंडून ऱ्हायचंय मला, अंगन न्हाई, काय न्हाई. पन तिकडं लेकरू रडतंय."

"मला कळतं."

"मंग बसवा."

महिनाभर पडून राहिलेलं काम दहा मिनिटांत झालं. जुनी नळी काढली, नवी घातली, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या, पंप मारला. बुडबुडे थांबले. आता फक्त ढकलायचं होतं.

तो रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो. पण पावसाचं पाणी तिथून पुढच्या मोरीकडे वाहतं हे मी पाहिलेलं होतं. म्हणजे उतार होता, अंगठ्याएवढा का होईना. मी दार उघडं ठेवून एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि खांदा लावला. वहिनी मागे गेली. पदर खोचला, पाय रोवले. या बाईने पंचवीस वर्षं उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवल्या आहेत.

"हां भावजी, लावा जोर! सकाळी भाकर खाल्ली का गवत?"

गाडी हलली. आधी वीतभर, मग हातभर. मोरीच्या अलीकडे तिने वेग धरला, मी कसाबसा आत चढलो आणि क्लच सोडला. इंजिन लागलं. आरशात वहिनी दिसली, कमरेवर हात ठेवून मागे एकटी उभी, लहान. गाडी तिच्यापासून लांब जात होती. मी ब्रेक लावला. ती चालत आली, चढली, बराच वेळ तिला धाप लागली होती.

वीस मिनिटांत मिरजगाव आलं. नव्या नळीने गाडी एकदाही खोकली नाही.

अंगद टेम्पोपाशी उभा होता, हातात मोबाईल. त्याने सामान उचललं, माझ्या पाया पडला. "तात्या, तुमी बी चला की दोन दिस."

"गाडी चालू हाय," मी म्हणालो. "बंद करता येत न्हाई."

खरंच मी खाली उतरू शकत नव्हतो. पाय ब्रेकवर होता. वहिनी खिडकीशी आली, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"मच्छिंद्राच्या बंद घरात मांजर शिरतं छपराच्या खापरीतून, अन् कोंडतं. दुपारी बघत जावा. अन् चहात साखर कमी घाला."

ती टेम्पोत जाऊन बसली. टेम्पो नगरच्या दिशेने गेला.

परतीचे अठरा किलोमीटर गाडी अशी चालली की जणू कालच शोरूममधून आली. मला तिचा राग आला. वस्तीवर पोचलो, उतारावर तिच्या जागेवर नेली, तोंड खाली करून ब्रेक दाबला. दगड सकाळी वहिनीने ठेवला होता तिथेच होता, चार हातांवर. दगडाला हात घालायचा तर ब्रेकवरचा पाय काढावा लागणार. पाय काढला की गाडी ओढ्यात जाणार. मी तसाच बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. कुत्रं येऊन गाडीखाली बघून गेलं.

शेवटी मी गाडी मागे घेतली आणि सपाटीला, दोन घरांच्या मधल्या अंगणात आणली. किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. आता ती तिथून हलायची तर ढकलणारे हात हवेत, आणि ते चैत्रात येतील.

दुपारी फोन वाजला.

"पोचले बरं का भावजी. लेकरू झोपलंय मांडीवर." मग, "दगड कुनी लावला?"

"सपाटीला लावली. अंगनात."

"अगं बया! मंग निघायची कशी?"

"पाडव्याला तुमी येनार न्हवं का? तवा बघू."

पलीकडे मूल कुरकुरलेलं ऐकू आलं.

"मांजर बगितलं का?" ती म्हणाली.

"जातोच आता," मी म्हणालो, आणि जुडग्यातली मच्छिंद्राची किल्ली शोधायला लागलो.