दवाखान्याच्या वासाची बियर

धम्मदीपभाऊ खोब्रागडे यांनी जन्मात दारूचा थेंब ओठाला लावला नव्हता, आणि नेमक्या याच गुणावर त्यांना बियरच्या टाक्या धुवायचं काम मिळालं. आधीचा माणूस टाकी धुता धुता तळाशी उरलेलं पिऊन टाकायचा, आणि मग टाकी धुतली की नाही, हे त्याचं त्यालाच आठवायचं नाही.

टाक्या विनोदच्या. विनोद जंगलाला लागलेल्या मोहर्ली गावचाच पोरगा. आठ वर्षं बंगलोरला संगणकापुढे बसून परत आला, बापाच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून चार खोल्यांचं होमस्टे बांधलं आणि वाघ बघायला आलेल्या पाहुण्यांना घरी केलेली बियर पाजू लागला. परवानगीचा अर्ज कुठल्या टेबलावर पडला आहे, हे त्याला कुणी विचारत नसे आणि तोही सांगत नसे. वाघ दिसला की पाहुणे वाघाचं बोलत, नाही दिसला की बियरचं. वाघ काही रोज दिसत नाही, त्यामुळे बियर चांगली असणं भाग होतं. आणि तीच आंबट व्हायला लागली होती.

धम्मदीपभाऊ मूल गावाकडच्या एका पाणीशुद्धीकरण केंद्रावर अठ्ठावीस वर्षं नोकरी करून, दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गावी परतले होते. तिथे त्यांच्या सहीशिवाय गावात पाणी सुटत नसे. इथे त्यांना कुणी काही विचारतच नसे. सकाळी पांढरा शर्ट घालून ते ओट्यावर बसत आणि सफारीच्या जाणाऱ्या-येणाऱ्या जिप्सी गाड्या मोजत. म्हणून विनोद घरी येऊन "काका, तुमच्याशिवाय हे कोणाले जमणार नाई" म्हणाला, तेव्हा त्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि अर्धं मिनिटच घेतलं.

"दारू पिऊ नका म्हणून अख्ख्या गावाले सांगता," त्यांची बायको हर्षाबाई म्हणाल्या, "अन् आता दारूचं भांडं घासाले चालले?"

"पंचशीलात पिऊ नये असं आहे," धम्मदीपभाऊ म्हणाले. "घाण ठेवावी असं कुठी आहे?"

पहिल्याच दिवशी त्यांनी सहाही टाक्या खोलल्या. स्टीलच्या उंच टाक्या, वर झाकण, दोन तोट्या. विनोद नुसतं पाणी फिरवून ओतून देत असे. धम्मदीपभाऊंनी झाकणाचं रबर काढलं, तोट्या सुट्या केल्या आणि आत तळापर्यंत जाणारी नळी बाहेर ओढली. नळीत बोटभर लांबीचा बुळबुळीत थर होता. तो त्यांनी काडीने काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि विनोदला बोलावून दाखवला. त्या दिवशी त्यांना फार दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

मग त्यांनी आपली पद्धत सुरू केली. धुण्याच्या सोड्याने घासायचं, धुवायचं, आणि शेवटी ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने टाकी काठोकाठ भरून ठेवायची. केंद्रावरच्यासारखं एक रजिस्टर घातलं. तारीख, टाकीचा नंबर, मात्रा, वेळ, शेरा, सही. सही करताना ते पेन जरा दाबूनच चालवत.

नवी बियर भरली, गार झाली. विनोदने ग्लासभर घेतली, घोट तोंडात फिरवला.

"काका, आंबटपणा गेला."

"जाणारच."

"पण याले दवाखान्याचा वास येऊन राह्यला."

धम्मदीपभाऊंचा चेहरा उजळला. जन्मभर ते जिच्यामागे होते, ती स्वच्छता दवाखान्यात नाही तर कुठे असते? त्यांनी पुढच्या खेपेला मात्रा दीडपट केली.

पुढच्या खेपेची बियर नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तोंडाला लावली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी सुटीवर आले आहे हो." बाकीच्यांनी हसून लिंबू सरबत मागवलं. विनोदचं तोंड एवढंसं झालं.

तिसरी खेपही तशीच गेली. आता पाणी गळ्याशी आलं होतं. पलीकडच्या मोठ्या रिसॉर्टचा मॅनेजर शनिवारी चव घ्यायला येणार होता. त्याला आवडली तर दर आठवड्याला चार टाक्या तिकडे जाणार होत्या, नाही तर विनोद सगळं सामान विकून मोकळा होणार होता. म्हणजे धम्मदीपभाऊ पुन्हा ओट्यावर, जिप्सी मोजायला.

"काका, कुठी तरी काही तरी लागून राह्यलं," विनोद म्हणाला. "तुमच्या टाक्या त बरोबर आहेत. ग्लास सोमारीबाई धुते. तिच्या घरी मोहाची काढतेत. तिच्या हाताले वास असन का? तुमी तपासून लेखी द्या."

सोमारीबाई चाळिशीची, जंगलालगतच्या टोल्यावरच्या वस्तीतली. होमस्टेचा स्वयंपाक, भांडी, ग्लास, सगळं तिच्याकडे. तिच्या घरी सणाला, देवाला मोहाची दारू लागायची आणि ती घरच्या बायकाच काढायच्या. मोहाचा वास आणि दवाखान्याचा वास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे न पिणाऱ्या धम्मदीपभाऊंनाही कळत होतं. या भागात राहून मोहाचा वास ओळखत नाही असं कुणी नसतं. पण टाक्या बरोबर आहेत, हे विनोद स्वतःच म्हणाला होता. हे वाक्य त्यांना इतकं गोड लागलं की ते मोडवेना. त्यांनी रजिस्टरच्या शेरा या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: बाह्य संसर्ग. संभाव्य स्रोत, ग्लास धुणारी व्यक्ती. नाव लिहिलं नाही, म्हणून आपण खोटं लिहिलं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

विनोदने सोमारीबाईला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

गुरुवारी दुपारी ती टाक्यांच्या पडवीत आली. रडली नाही, भांडली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊ, माह्या हातानं बिघडलं म्हणून तुमी लिवलं म्हणते. लिवा. पर मले आंधी टाकीचा वास घेऊ द्या."

"टाकी साफ आहे, सोमारीबाई. रजिस्टर पाहा."

"मी रजिस्टरात नाक घालत नाई. आमच्या घरी मोहाचं भांडं भरासाठी माही सासू आंधी त्याच्यात तोंड घालते. राखेचा वास आला, साबणाचा आला, मांगच्या मोहाचा आला, तरी भरू देत नाई. भांड्याले कायचाच वास नसला पायजे. मंग ते साफ."

तिने धुऊन ठेवलेल्या टाकीचं झाकण काढलं, आत तोंड घातलं आणि झटक्यात मागे आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"याच्यात तुमी हाव, भाऊ."

"म्हणजे?"

"तुमच्या अंगाले येते तो वास. तुमी फाटकातून आत आले का आमाले चुलीपाशी समजते. करिश्मा त म्हणते, पाणीवाले भाऊ आले, चहा ठेवा."

करिश्मा म्हणजे खोल्या झाडणारी. धम्मदीपभाऊंनी शर्टाची बाही नाकाला लावली. काही नाही. दुसरी लावली. काही नाही. मग त्यांनी सरळ टाकीत डोकं घातलं आणि खोल श्वास घेतला. आत अंधार होता, गारवा होता, आणि वास म्हणावा असा काहीच नव्हता. अठ्ठावीस वर्षं क्लोरिनमध्ये काढलेलं त्यांचं नाक त्या एका वासापुरतं कधीच निवृत्त झालं होतं, आणि त्याचा आदेश त्यांना कुणी दिला नव्हता. ते बराच वेळ तसेच टाकीत डोकं घालून उभे राहिले. बाहेर काढायची लाज वाटत होती.

घरी आल्यावर त्यांनी हर्षाबाईंना विचारलं, "माह्या अंगाले वास येते काय?"

"कायचा?"

"ब्लिचिंगचा."

हर्षाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. "लगन झाल्यापासून येते. मले वाटलं तुमाले माहीत आहे."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"पहिल्या वर्षी सांगाचं होतं. मंग तुमी टरेनिंगले गेले, चार महिने नव्हते, त घर बिनवासाचं वाटलं. मंग नाई सांगितलं."

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी ते थेट पडवीत गेले आणि सोमारीबाईला हाक मारली. एकाच ड्रममधली बियर दोन टाक्यांत भरायची ठरली. एक टाकी त्यांनी आपल्या पद्धतीने धुतली. दुसरी सोमारीबाईने सोड्याने घासली, नळी आणि रबरं वेगळी उकळली, मग उकळतं पाणी तीनदा घालून, हलवून, तोट्यांतूनही सोडून, गरम असतानाच झाकण लावून टाकलं. त्याआधी आत तोंड घालून तिने होकाराची मान हलवली होती. धम्मदीपभाऊंना ती टाकी अर्धीच साफ वाटत होती. त्यांनी हात मागे बांधून ठेवले, नाही तर चिमूटभर पावडर त्यांच्याकडून पडलीच असती.

शनिवारी सकाळी विनोदसमोर दोन ग्लास ठेवले. कुठला कुठल्या टाकीचा, हे सांगितलं नाही. पहिला घोट त्याने अंगणात थुंकला. दुसरा घेतला, थांबला, आणि ग्लास रिकामा करूनच खाली ठेवला.

"काका! हे त एकदम मस्त! मी म्हटलं नव्हतं? पहिला ग्लास सोमारीबाईनं धुतला असन. याले तिचा हात लागला नाई, अन् पाहा!"

दोन्ही ग्लास त्या सकाळी धम्मदीपभाऊंनी स्वतः धुतले होते. आता त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. टाकी कशी धुवायची हे त्यांना कळलं होतं, नोकरी राहणार होती, रजिस्टर राहणार होतं, सही राहणार होती. सोमारीबाई चुलीपाशी पाठमोरी उभी होती आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही. दारू पिणार नाही हे पाचवं शील त्यांनी साठ वर्षं इतक्या नेटाने सांभाळलं होतं की खोटं बोलणार नाही या चौथ्याकडे बघायला त्यांना सवडच झाली नव्हती.

"चांगली टाकी सोमारीबाईनं धुतली," ते म्हणाले. "थुंकलास ती माही. आंधीच्या तीन खेपाबी मीच बिघडवल्या. माह्या औषधानं. रजिस्टरात मी खोटं लिवलं."

विनोदने पहिला ग्लास उचलून पुन्हा नाकाशी नेला. धम्मदीपभाऊंनी रजिस्टर उघडलं, तो शेरा खोडला आणि शेजारी लिहिलं: स्रोत, मी. खाली सही केली. या वेळी पेन दाबलं गेलं नाही.

संध्याकाळी मॅनेजर आला, तीन ग्लास प्यायला आणि चार टाक्यांचं ठरवून गेला. जाताना तो पडवीशी थांबला, पांढऱ्या शर्टातल्या धम्मदीपभाऊंजवळ येऊन त्याने नाक वर केलं आणि खूश होऊन विनोदला म्हणाला, "यांच्याजवळ उभं राहिलं की कसं स्वच्छ वाटतं! आमच्या स्विमिंग पूलसाठी असा माणूस द्या ना." एवढं खरं बोलून झाल्यावर मिळालेलं हे बक्षीस घ्यावं की नाही, असा प्रश्न धम्मदीपभाऊंना पडला. त्यांनी ते घेतलं.

आता ते सकाळी रिसॉर्टचा स्विमिंग पूल बघतात आणि दुपारी विनोदकडे टाक्या खोलून घासतात. उकळतं पाणी घालायचं आणि भरायला हो म्हणायचं काम सोमारीबाईचं. सोमवार येऊन गेला, तिला जा म्हणायची हिंमत कुणी केली नाही. रजिस्टरात धम्मदीपभाऊंनी वास असा नवा रकाना आखला आणि पेन तिच्या हातात दिलं. ती प्रत्येक टाकीत तोंड घालते, विचार करते आणि रकान्यात नाई असं लिहिते. सलग सात दिवस नाई, नाई, नाई. आठव्या दिवशी स्विमिंग पूलवर उशीर झाला म्हणून धम्मदीपभाऊ तसेच धावत पडवीत आले, टाकीवर वाकले, घासायला लागले. सोमारीबाईने टाकीत तोंड घातलं, बाहेर काढलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे लिहिलं: हाये. भाऊनं शर्ट बदलला नाई.

खाली तिने सही केली, चांगली दाबून.