मायलेकींचा नंबर

पद्मावतीनं स्कॉलरशिपच्या परीक्षेचा अर्ज भरला तो निव्वळ उन्हाच्या धास्तीनं.

गेल्या वर्षी ती पुतण्याला, बबलूला, अशाच एका परीक्षेला घेऊन गेली होती. पोरगा आत गारव्यात आणि ही बाहेर, मे महिन्याच्या उन्हात विजेच्या खांबाच्या सावलीत. सावली सरकेल तशी ही सरकायची. घरी आल्यावर दोन दिवस डोकं धरून पडली होती. यंदा लेकीची पाळी आली, तेव्हा तिनं जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. रिंग रोडपलीकडचं एक नवं खासगी विद्यापीठ होतं. परीक्षेत जसा नंबर येईल तशी फीत सूट. अर्जाला पैसे नाहीत, वयाची अट नाही, इंटर, म्हणजे बारावी, पास असलं म्हणजे झालं. परीक्षा एसी हॉलमध्ये.

इंटर पास तर ती होतीच. लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात झाली होती.

"अय्यो आई, लोक हसतील गं!" राणी म्हणाली.

"हसू देत. मी आत गारव्यात बसून ऐकते."

हिम्मतरावांचं, तिच्या नवऱ्याचं, चिक्कडपल्लीत रंगाचं दुकान होतं. ते सकाळी सकाळी वाद घालत नसत. "हौ, बसू दे की," एवढं म्हणून ते स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

अर्जात विषय विचारला होता. राणीनं मानसशास्त्र निवडलं. पद्मावतीनं यादी वर-खाली केली आणि अर्थशास्त्रावर बोट ठेवलं, कारण इंटरला त्यातच तिला बरे मार्क पडले होते.

हॉलमध्ये जाऊन डुलकी काढायची, असा तिचा बेत होता. पण समोर संगणकावर पहिलाच प्रश्न आला तो हौदाचा. दोन नळ भरणारे, एक गळणारा, तर हौद किती वेळात भरेल? बरकतपुऱ्यात दिवसाआड येणाऱ्या पाण्यावर तिनं संसार केला होता. गळक्या नळाचा तिला मनस्वी राग होता. तिनं हिशेब करून टाकला. मग दुसरा प्रश्न बघितला, मग तिसरा. गेले काही महिने राणी जेवायला बसली की हीच समोर सरावाचं पुस्तक धरून प्रश्न वाचायची. राणी घास चावत विचार करायची तोवर हिचंही मनातल्या मनात उत्तर काढून व्हायचं. झोप कुठल्या कुठे पळाली. वेळ संपून पडदा आपोआप बंद झाला, तेव्हा ती तेलुगू सुपरवायझरबाईंवर चक्क मराठीत ओरडली, "अहो थांबा की, एकच राहिलाय!"

बाहेर आल्यावर राणीनं विचारलं, "झाली झोप?"

"कुठली झोप! ते पाच भाऊ गोल टेबलाभोवती बसलेत, त्यात धाकट्याच्या शेजारी कोण आलं गं तुझ्या उत्तरात?"

राणीनं तो प्रश्न सोडून दिला होता. मेट्रोत ती खिडकीबाहेर बघत बसली.

निकाल एका रविवारी आला. राणीला पाव फी माफ झाली. हिम्मतरावांनी "शाबास!" म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली आणि गमतीनं म्हणाले, "आता तुझ्या आईचंही बघून टाक."

राणीनं आईचा नंबर टाकला. मग फोन वडिलांच्या हातात देऊन आतल्या खोलीत निघून गेली. पद्मावतीला अर्धी फी माफ झाली होती.

हिम्मतरावांनी ते दोनदा वाचलं. दुपारी दुकानात जो येईल त्याला त्यांनी बालूशाही खिलवली. घरी मात्र सुतक असल्यासारखं वातावरण होतं. राणी हो-नाहीपुरतं बोलत होती. पद्मावतीला वाटलं, पोरीचा आनंद आपण उगाच नासवला. एसीच्या मोहापायी! पण भांडी लावता लावता मनात दुसरंच काही चालायचं. हॉलमधले ते तास तिला पुन्हा पुन्हा आठवत होते. इतका वेळ तिला कुणी हाक मारली नव्हती, काही मागितलं नव्हतं, आणि ती एका गोष्टीत पार बुडून गेली होती. असं शेवटचं कधी झालं होतं, ते तिला आठवेना.

दोन दिवसांनी विद्यापीठाचा निरोप आला, की मुलाखतीची वेळ ठरवा. पद्मावतीनं फोनवर बरीच खटपट केली आणि शेवटी राणीच्या खोलीत गेली.

"राणी, यात नको म्हणायचं बटण कुठाय गं?"

"कायकू?"

"नको म्हणून कळवते. उगाच त्यांची एक जागा अडून राहते."

राणी पलंगावर उठून बसली. म्हणाली, "मला राग तू कॉलेजात येशील याचा नाही आला. म्हणजे, थोडा आला. पण मी वर्षभर दिलसुखनगरच्या क्लासला खेटे घातले, आई. आणि तू नुसती पुस्तक धरून बसायचीस!"

"नुसती नाही. तुझ्याआधी उत्तर काढायची. बोलत नव्हते, एवढंच."

"किती प्रश्नांची?"

पद्मावती ओशाळली. "बऱ्याच."

राणीला हसू आवरेना. आधी तिनं उशी तोंडावर धरली, मग आईचा फोन घेतला, टकटक बटणं दाबली आणि परत केला. "झालं. सोमवारी सकाळी तुझी मुलाखत. माझ्यानंतर."

"अगं, मी नको म्हणणार होते!"

"तसलं बटणच नाहीये त्यात. आणि समज असतं, तरी तू ते दाबून जन्मभर मला ऐकवलं असतंस."

मुलाखतीला तिघं प्राध्यापक होते. मधल्या बाईंनी विचारलं, "इतक्या वर्षांनी शिकावंसं का वाटलं?" भारदस्त उत्तर राणीनं पाठ करून घेतलं होतं, पण पद्मावतीला ते ऐनवेळी आठवेना. हिंदीत थोडं इंग्रजी मिसळत तिनं खरं तेच सांगून टाकलं: बाहेर ऊन होतं, आत एसी होता. मग प्रश्नपत्रिका आवडली.

तिघंही हसले. कडेच्या प्राध्यापकांनी मात्र चष्मा सारखा केला. "ही सवलत कायमची नसते. प्रत्येक सेमिस्टरला गुण टिकवावे लागतात. घसरलात की गेली. घर सांभाळून जमेल?"

"सर, घरात रोज दोन वेळा माझा निकाल लागतो," पद्मावती म्हणाली. "इथं निदान सेमिस्टरभर वेळ तरी मिळेल."

जागा मिळाली. राणीलाही मिळाली, पाव सवलतीतच. पण पहिल्या सेमिस्टरला चांगले गुण पडले तर सवलत वाढते, हे तिनं मुलाखतीतच विचारून घेतलं होतं. हिम्मतरावांनी दुपारच्या डब्याची चौकशी केली, तेव्हा मायलेकींनी मिळून त्यांना कुकर लावायला शिकवलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी भात करपवला. दुसऱ्या आठवड्यात ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना, पाणी किती घालायचं, ते सांगू लागले.

कॉलेज सोपं नव्हतं. अर्थशास्त्राच्या वर्गात पद्मावतीला बघून मागच्या बाकावरची पोरं आधी "मॅडम" म्हणून उठून उभी राहिली, मग "आंटी" म्हणू लागली आणि महिन्याभरात तिच्या वहीसाठी रांग लावू लागली. पण संगणकाच्या तासाला तिचा जीव मेटाकुटीला यायचा. पहिल्या चाचणीत त्यात ती सपशेल आपटली. बसमध्ये तिनं पेपर पिशवीत खोल दडवला. राणीनं तो बाहेर काढला, बघितला आणि घरी गेल्या गेल्या लॅपटॉप उघडला.

"बस इथं. कांदे बाबा चिरतील."

राणी शिकवताना भलतीच कडक होती. चुकलं की "पुन्हा!" म्हणायची, अगदी पद्मावती तिला पाढे शिकवताना म्हणायची तस्सं.

डिसेंबरात निकाल लागला. पद्मावतीची सवलत टिकली. संगणकात काठावर पास झाली, पण बाकीच्या विषयांनी तिला तारलं. राणीची सवलत पावावरून अर्ध्यावर गेली. या खेपेला राणी आतल्या खोलीत गेली नाही. तिनं दोघींच्या गुणपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि एकेक विषय ताडून बघायला घेतला.

"इंग्रजीत मी पुढे," ती म्हणाली.

"दोनच मार्कांनी," पद्मावती म्हणाली, आणि पुढच्या सेमिस्टरचं वेळापत्रक बघायला तिनं चष्मा चढवला.