थोरलीची हाक

भोरच्या मुलींच्या बालगृहात वैष्णवीला हाक मारली की ती आधी मागं वळून बघायची. मागं कुणी नसायचं. मग ती उठायची, तेही अशी, की दुसऱ्या कुणाच्या वाटणीचं काम आपल्या गळ्यात पडलंय.

सगुणाबाईंच्या हे लवकरच ध्यानात आलं. मुलींना न्हाऊमाखू घालण्यात, त्यांची दुखणी-खुपणी काढण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. मुली त्यांना मावशी म्हणायच्या. घर तुटून आलेली पोर काय काय करते हे त्यांना नवं नव्हतं. कुणी भिंतीकडं तोंड करून जेवतं, कुणी चपला उशाशी घेऊन झोपतं. त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण एके दिवशी शेजारच्या गादीवरची सोनिया गाऱ्हाणं घेऊन आली.

"मावशी, मला दुसरीकडं गादी द्या. ही वैष्णवी अर्ध्याच गादीवर निजते. उरलेल्या अर्ध्यावर म्या नुसतं दप्तर ठिवलं, तर म्हणली, तिच्या पायावर ठिवू नको."

"कुणाच्या पायावर?"

"तेच इचारलं. तर म्हणली, तुला दिसत न्हाई तर गप ऱ्हा."

सगुणाबाई हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी गादी झटकताना त्यांनी उरलेल्या अर्ध्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

पुढं तपासणीचे डॉक्टर आले. मुलींना रांगेत बसवून छाती, डोळे, दात बघितले. वैष्णवीच्या छातीवर नळी ठेवली ती त्यांनी बराच वेळ उचललीच नाही. पोरीच्या काळजाला भोक होतं. जिना चढला की तिचे ओठ जांभळे पडायचे, ते त्यामुळं. "वयाच्या मानानं फार बारीक आहे," असंही ते म्हणाले.

अधीक्षिका सुप्रिया मॅडम कामाला लागल्या. बाल कल्याण समितीची परवानगी, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख, फुकट उपचाराची योजना, सगळं त्यांनी फोनावर फोन करून जमवलं. पण तिथं पोचल्यावर सिस्टरनं भरल्या हॉलमध्ये पुकारा केला, "वैष्णवी!" आणि पोर बाकाला चिकटली ती सुटेना.

"तिला बोलवू नका," ती ओरडली. "ती आत गेली तर मला जागा न्हाई उरायची."

रडून रडून तिचा श्वास कोंडला, नखं काळीनिळी झाली. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. म्हणाले, "एवढी घाबरलेली पोर टेबलावर घेणं धोक्याचं आहे. दिवाळीनंतरची तारीख देतो. तिचं मन हलकं करून आणा. आणि मॅडम, ही तारीख चुकवू नका. तिच्याकडं फार वेळ नाही."

परतताना गाडीत मॅडम सगुणाबाईंना म्हणाल्या, "मावशी, आईबाप तर नाहीत, पण हिची आजी पासलीच्या वर धनगरवाड्यावर असते ना? जाऊन येता का? पोरीच्या मनात काय बसलंय ते तिलाच ठाऊक असेल."

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई एसटीनं वेल्ह्याला, तिथून जीपनं पासलीला आणि पुढं पायी वर गेल्या. खाली भात पिवळं पडलं होतं. वर वाड्यावर चारदोन शेरडं राखत पारूबाई एकटीच राहत होती. तिच्या डोळ्यांत सारा उतरला होता, धड दिसत नव्हतं. पायरव ऐकून तिनं विचारलं, "कोन हाय?"

"भोरवरनं आले, आजी. तुमच्या वैष्णवीच्या बालगृहातनं."

म्हातारीनं हातातली काठी आडवी धरली. "वैष्णवी मेली माझी. तुमी कुठल्या वैष्णवीचं बोलता?"

"तुमची नात हाय ना आमच्याकडं, तिचं," सगुणाबाई दगडावर बसत म्हणाल्या.

म्हातारीनं मग सांगितलं. थोरल्या नातीचं नाव वैष्णवी, अंगणवाडीच्या बाईनं हौसेनं ठेवलेलं. तिलाही असाच दम लागायचा. भर पावसात तिला डोलीत घालून खाली नेली. "दवाखान्याच्या पायरीपातूर पोचली बघ. आत काय गेली न्हाई."

"आन ही?"

"ही तिच्यामागची, ती गेल्यावं झालेली. हिचं नावच ठिवलं न्हाई आमी. जल्मली तशी दाराभाईर नेली आन शेजारच्या बाळाबाईला इकली, सूपभर कोंड्याला. म्हनून कोंडा. इकलेल्या पोरावर मेलेल्याचा हक ऱ्हात न्हाई. पर शाळेत मास्तरनं जल्माचा कागुद मागितला. थोरलीचा कागुद पेटीत व्हता, त्योच दिला. दोन वर्सांचा फरक, कुनाला कळतोय!"

"म्हणजे आमी..."

"तुमी दिसभर माझ्या मेल्या नातीला हाका मारता. मग ती येती. लेकरू हाय ते. हाक मारल्यावं येनार न्हाई तर काय करंल?"

डोंगरावर ऊन होतं, तरी सगुणाबाईंना अंगावर पदर घ्यावासा वाटला. बाळाबाईला भेटावं म्हणून त्यांनी तिचं घर विचारलं.

"बाळाबाई मागल्या साली गेली. तवापास्नं पोर कुनाचीच न्हाई. आता तूच घे."

"आजी, ती सरकारच्या ताब्यात हाय. म्या कशी घेऊ?"

"सरकारनं सूपभर कोंडा दिलता का?"

सगुणाबाईंनी विचारलं, "घेणारीनं करायचं काय असतं?"

"थोरली आली तर आडवं व्हायचं. म्हनायचं, ही माझी हाय, तू माघारी जा."

"आन न्हाई गेली तर?"

म्हातारी शेरडाच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. "बाळाबाई लई धीराची व्हती," एवढंच म्हणाली.

सगुणाबाई खाली पासलीत उतरल्या, गिरणीतून भाताचा कोंडा मागून आणला आणि पुन्हा चढ चढून आल्या. म्हातारीच्या सुपात तो ओतला. म्हातारीनं सूप कपाळाला लावलं आणि म्हणाली, "दिली."

सुप्रिया मॅडमनी सगळं ऐकून डोकं धरलं. "मावशी, मूल विकत घेतलं म्हणून बाहेर कुठं बोलू नका. तुम्हाला आत टाकतील आणि शेजारच्या कोठडीत मला." मग त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनच्या सगळ्या तपासण्या ह्याच पोरीच्या झाल्या होत्या, त्यामुळं उपचारात फरक पडणार नव्हता. खरं वय डॉक्टरांनी लिहून घेतलं. नावाची दुरुस्ती मात्र समितीपुढं जाणार, तिला वेळ लागणार. तोवर कागद होता तसाच ठेवायचा ठरलं.

त्या दिवसापासून बालगृहात सगळ्यांनी तिला कोंडा म्हणायचं असं ठरलं. पहिली हाक सगुणाबाईंनी मारली. पोरगी मागं न बघता धावत आली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "तुमाला कुनी सांगितलं?"

"म्या तुला घेतलंय. तुझ्या आजीकडनं."

"केवढ्याला?"

"सूपभर."

"बाळाबाईनंबी तेवढ्यालाच घेतली व्हती. भाव काय वाढला न्हाई माझा," पोर म्हणाली, आणि सगुणाबाईंनी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. त्यानंतर ती गादीभर हातपाय पसरून निजायला लागली.

ऑपरेशनच्या सकाळी ती शहाण्यासारखी हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर आडवी झाली. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात सिस्टर थांबली. तिथला नियमच होता: आत नेण्याआधी पेशंटनं आपल्या तोंडानं नाव सांगायचं आणि ते मनगटावरच्या पट्टीशी जुळवायचं.

"बाळ, नाव काय तुझं?"

"कोंडा."

सिस्टरनं पट्टी वाचली. कपाळाला आठ्या पडल्या. "इथं वैष्णवी आहे."

मॅडम पुढं झाल्या, कागद दाखवले, डॉक्टरांना माहीत आहे म्हणाल्या. सिस्टर काही वाईट बाई नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण दुसऱ्या पोराचं ऑपरेशन भलत्याच पोरावर होऊ नये म्हणून हा नियम आहे. हे नाव तिनं एकदा म्हणू दे, नाहीतर मला खाट मागं न्यावी लागेल."

पोरीचे ओठ जांभळे पडायला लागले होते. तिनं सगुणाबाईंचा हात धरला. "मावशी, तिचं नाव घेतलं तर ती आत यील. तिला दवाखान्यात जायाचंच हाय. तवापास्नं पायरीवरच हाय ती."

माघारी जा म्हणायचं, हे आजीनं सांगितलं होतं. पण पायरीवर राहिलेल्या लेकराला माघारी जा कसं म्हणायचं? सगुणाबाई पोरीच्या कानाशी वाकल्या.

"नाव घे तू. ती आली की म्या धरते तिला. हितं बाकावर माझ्यापाशी बसंल. तू येस्तवर म्या तिचा हात सोडत न्हाई."

"आन मग?"

"मगचं मग बघू."

पोरीनं डोळे मिटले. "वैष्णवी," ती म्हणाली. खाट आत गेली, दार लागलं.

सगुणाबाई बाकावर बसल्या. डाव्या अंगाला थोडी जागा ठेवली आणि तिथं तळहात उपडा ठेवला. दुपार कलली. हॉल माणसांनी भरला. एक जण येऊन म्हणाला, "आजी, सरकता का जरा?"

"पोरगी बसलीया हितं."

त्यानं बाकाकडं बघितलं, सगुणाबाईंच्या तोंडाकडं बघितलं, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. भोक बुजवलं होतं, ठोके नीट पडत होते. मॅडमचे डोळे भरून आले. त्या लगबगीनं बाकापाशी आल्या. "मावशी, चला. काचेतून बघू देतायत. शुद्धीवर आली की पहिलं तुम्हालाच विचारेल ती."

सगुणाबाई उठायला गेल्या आणि तशाच थांबल्या. आपण उठून आत गेलो तर एकटं जाणं होणार नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. तळहाताखालचा बाकाचा पत्रा सकाळी गार होता. आता तो ऊन होता.

"तुमी व्हा म्होरं, मॅडम," त्या म्हणाल्या. "तिला सांगा, मावशी भाईर बसलीया."